जलशीर्ष आणि शहराचा गोंगाट

दिल्लीच्या श्री अरविंद मार्गावर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि सफदरजंग रुग्णालय समोरासमोर उभी आहेत. मधल्या रस्त्यावर मोटारींचे भोंगे दिवसभर वाजत असतात. बहुतेकांस या आवाजाची सवय होऊन जाते. परंतु ज्यांच्या मस्तकात द्रव साचण्याचा विकार आहे, त्यांपैकी काहींस हाच आवाज डोक्यात घण घातल्यासारखा वाटतो. या विकारास जलशीर्ष म्हणतात.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा स्वच्छ असा मस्तिष्क-मेरुद्रव सतत पाझरत असतो. प्रौढ माणसात हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो. मात्र दिवसाकाठी तो अर्धा लिटर तयार होतो, म्हणजे तीन-चार वेळा तो नवा होतो. जुना द्रव रक्तात शोषला जातो. वाट कोठे अडली, किंवा शोषण मंदावले, तर पोकळ्या फुगतात आणि मेंदूवर दाब येतो. तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्यामुळे डोके वाढू लागते. मोठ्या माणसाची कवटी वाढू शकत नाही. तेथे सारा ताण मेंदूसच सोसावा लागतो.

यावर प्रचलित उपाय म्हणजे शंट. मेंदूतील पोकळीपासून त्वचेखालून पोटाच्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी नेतात व द्रव एकाच दिशेने वाहावा म्हणून तीत झडप बसवितात. १९५६ साली फिलाडेल्फियात जॉन होल्टर या यंत्रकारागिराने, स्वतःच्या मुलाच्या आजारामुळे प्रवृत्त होऊन, अशी एक यशस्वी झडप घडविली. परदेशी झडपा भारतीय कुटुंबांस परवडत नसत. म्हणून दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेतील बालशल्यचिकित्सक डॉ. पी. उपाध्याय यांनी स्वस्त देशी शंट तयार केला. पुढे लखनौचे डॉ. छाब्रा यांच्या नावाचा शंटही प्रचारात आला. युगांडात १९५ मुलांवर त्याची तुलना एका महाग परदेशी झडपेशी करण्यात आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका वर्षानंतर दोहोंच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. स्वस्त वस्तू कमअस्सलच असते, या समजुतीस यापेक्षा चांगले उत्तर क्वचितच मिळेल.

शंटमुळे प्राण वाचतो, पण आवाजाची तक्रार काहींच्या बाबतीत उरतेच. अंतर्कर्णातील शंखाकृती भागात जो द्रव असतो, त्याचा मस्तिष्क-मेरुद्रवाशी एका सूक्ष्म नलिकेने संबंध असतो. म्हणून डोक्यातील दाब बदलला की कानातील दाबही बदलू शकतो. शिवाय आवाज वेचून घेण्याचे व निरर्थक आवाज बाजूस सारण्याचे काम मेंदूचे असते. ताणलेल्या मेंदूस ते जड जाते. यांतील कोणते कारण किती प्रभावी आहे, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. तक्रार मात्र खरी आहे. वर्गात बाक सरकला की कानांवर हात ठेवणारे मूल हट्टी किंवा भित्रे ठरविले जाते, हा त्याच्यावर अन्यायच होय.

दिल्लीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० ही मर्यादा आहे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट, हे ध्यानात घेतले म्हणजे वरातीचा बँड किंवा दिवाळीचे फटाके अशा मुलास काय वाटत असतील याची कल्पना येते. अशा दिवशी कानांवर ध्वनिरोधक आवरण जरूर घालावे. तेच रोज सकाळपासून रात्रीपर्यंत घालू नये. नित्य शांततेची सवय लागलेला कान साध्या आवाजासही अधिक बिचकू लागतो. शाळेत खिडकी व दार यांपासून दूरची जागा मिळाली, घंटेची पूर्वसूचना मिळाली, तरी पुष्कळ साधते.

एक सावधानी मात्र आवश्यक आहे. शंट बंद पडू शकतो, आणि तो आयुष्यात अनेकदा बदलावा लागतो. नेहमी आवाज सोसणारे मूल एकाएकी त्यास वैतागू लागले, सोबत डोकेदुखी, उलट्या किंवा अवेळी झोप येऊ लागली, तर दोष गोंगाटाचाच आहे असे धरून चालू नये. कानांत कापूस घालून सकाळची वाट पाहण्यात वेळ न दवडता मुलास रात्रीच रुग्णालयात न्यावे लागते.