नौकेवरील बॅटरी आणि तिच्या तारेची जाडी

द्वारका हें नांव ऐकतांच समुद्रकांठच्या पुराणप्रसिद्ध नगरीचें स्मरण होतें. आमच्या नाशिकच्या द्वारकेस समुद्र नाहीं. तेथें मुंबई-आग्रा महामार्गास पुण्याचा रस्ता मिळतो व मालमोटारींची रहदारी अहोरात्र चालते. तथापि नौकेवरील विजेचा एक महत्त्वाचा नियम समजण्यास ही मालमोटारच फार उपयोगी पडते. म्हणून तो विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

कोंकणच्या किनाऱ्यावरील यांत्रिक होडी असो, कीं गंगापूर धरणाच्या जलाशयावरील विहारनौका असो, लहान नौकेचें इंजिन चालू करण्याचें काम बहुधा बॅटरीच करिते. इंजिनाजवळ उष्णता असते, नौकेच्या तळाशीं पाणी सांचतें, आणि जड बॅटरीमुळें नौका एका अंगास कलते. अशा कारणांनीं बॅटरी दुसरीकडे हलविणें पुष्कळदां इष्ट ठरतें. परंतु त्या वेळीं जुन्याच जाडीची, केवळ अधिक लांब, अशी तार जोडली जाते. आणि येथेंच घोटाळा होतो.

गेओर्ग ओम हे जर्मन शास्त्रज्ञ कोलोन येथील जेसुइट परंपरेच्या विद्यालयांत शिक्षक होते. त्यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतील नियम आज प्रत्येक शाळेंत शिकवितात. तारेंत खर्च होणारा विद्युत्-दाब हा प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराइतका असतो. तारेची लांबी दुप्पट केली म्हणजे रोध दुप्पट होतो, आणि तिच्या छेदाचें क्षेत्रफळ दुप्पट केलें म्हणजे रोध निम्मा होतो.

उदाहरण घेऊं. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारें ०.०१७५ ओम असतो. बॅटरी १२ व्होल्टची, स्टार्टर मोटरीचा प्रवाह २०० अँपिअर, आणि तार ३५ चौरस मिलिमीटरची आहे असें मानूं. बॅटरी एक मीटर अंतरावर असतां जाण्याची व परतण्याची मिळून तार दोन मीटर होते. तिचा रोध ०.००१ ओम आणि दाबाची घट ०.२ व्होल्ट. आतां बॅटरी पांच मीटर दूर नेली. तार दहा मीटर झाली, आणि घट एक व्होल्टवर गेली. शिवाय तारेंत २०० वॉट इतकी शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाऊं लागली. ही घट अर्ध्या व्होल्टच्या आंत ठेवावयाची असेल, तर ०.०१७५ यास १० नें व २०० नें गुणून ०.५ नें भागावें. उत्तर ७० येतें. म्हणजे ७० चौरस मिलिमीटरची तार हवी.

येथें कोणी विचारील कीं, मोटारीच्या कारागिरास परतीची तार मोजावी लागत नाहीं, ती येथें कां मोजावी? कारण असें कीं, मालमोटारीची लोखंडी चौकटच परतीच्या मार्गाचें काम करिते. लांकडी किंवा फायबरच्या नौकेस अशी चौकट नसते. त्यामुळें बॅटरी जितकी दूर, त्याच्या दुप्पट तार मोजणें भाग आहे.

एक व्होल्ट तो काय, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु स्टार्टर फिरतांना बॅटरीचा स्वतःचा दाबही बराच खालीं येतो. त्यांत तारेनें आणखी एक व्होल्ट खाल्ला, तर थंडीच्या पहांटे, तेल घट्ट झालें असतां, मोटर पुरती फिरत नाहीं. धक्क्यावर हा केवळ खोळंबा होय. पण वारा होडीला खडकाकडे लोटीत असतां इंजिन चालू झालें नाहीं, तर प्रश्न प्राणांचा होतो.

तार विकत घेतांना वरच्या रबराच्या जाडीस भुलूं नये. आंतील तांब्याचें क्षेत्रफळ विचारावें. ॲल्युमिनियमची तार घेतल्यास छेद सुमारें १.६ पट लागतो. खाऱ्या हवेंत कल्हई केलेल्या बारीक तांब्याच्या तारांची केबल अधिक टिकते. दिवे व पंप यांच्या तारेवरील फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ असावा. दूरच्या टोकास बसविलेला फ्यूज मधल्या तारेचें रक्षण करूं शकत नाहीं. बॅटरी घट्ट बांधावी, आणि तींतून निघणारा ज्वालाग्राही हायड्रोजन वायु बाहेर जाण्यास वाट ठेवावी.

काम झाल्यावर परीक्षा सोपी आहे. स्टार्टर फिरत असतां व्होल्टमापकाचें एक टोंक बॅटरीच्या धन अग्रास व दुसरें स्टार्टरच्या धन अग्रास लावावें. मग ऋण बाजूसही तसेंच करावें. दोन्ही आंकड्यांची बेरीज हीच तारेनें घेतलेली घट होय.

विद्यार्थ्यांनीं वर्गांत पाठ केलेलें सूत्र असें उपयोगास येतें, आणि पालकांनींही ध्यानांत ठेवावें कीं तांब्यांत वांचविलेले रुपये पाण्यावर फार महाग पडतात. अंतर वाढविणारानें जाडीही वाढवावी, हाच या सर्व विवेचनाचा सारांश होय.