कॉलेज संपलं, बास्केटबॉल सुटत नाहीये? सहायक प्रशिक्षक व्हा!

नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या खेळाडूंनो, ही वाट जरूर बघा. 🏀

✅ शिक्षण: बी.पी.एड., एम.पी.एड. किंवा पतियाळाच्या एनआयएसचा (स्थापना १९६१) प्रशिक्षण डिप्लोमा.

✅ काम: सराव घेणं, नवख्यांचा ड्रिबल आणि ले-अप पक्का करणं. सामन्यात फाउलवर डोळा ठेवायचा. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले, की बचावातल्या साध्या फाउललाही समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. हे खेळाडूंना वेळेत ओरडून सांगणारा माणूस सामना वाचवतो! पहिल्या सहायकाला टाइमआउटही मागता येतो.

✅ पुढची पायरी: कॉलेजचं शारीरिक शिक्षण संचालकपद. त्यासाठी एम.पी.एड.सोबत नेट, सेट किंवा पीएचडी लागते.

खेळत असतानाच तयारीला लागा. आपल्या जिल्ह्याला चांगले प्रशिक्षक हवेच आहेत!