मणिबेली आणि कौटिल्याचा दुप्पट दंड

व्यवस्थापनावर बोलताना कौटिल्य हमखास येतो, पण सोबत येते ती फक्त कूटनीती. त्याचा हिशेब मागेच राहतो!

‘अर्थशास्त्रा’च्या तिसऱ्या अधिकरणातला नववा अध्याय पाहा. नवा तलाव किंवा बंधारा बांधणाऱ्याला पाच वर्षं करमाफी, मोडका दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षं. म्हणजे गुंतवणुकीला चक्क प्रोत्साहन. पण त्याच अध्यायात बजावलंय की शेत, बाग, बंधारा यांपैकी एकाने दुसऱ्याचं नुकसान केलं, तर नुकसानीच्या दुप्पट दंड. शेजाऱ्याचा तोटा हा प्रकल्पाच्याच खात्यावर!

आता नर्मदाकाठचं, अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली आठवा. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. जागतिक बँकेने 1985 मध्ये प्रकल्पाला 45 कोटी डॉलर मंजूर केले. बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीच्या 1992 च्या मोर्स अहवालाने पुनर्वसनाच्या तयारीतल्या उणिवा दाखवल्या आणि 1993 मध्ये उरलेलं कर्ज थांबलं. 1994 च्या मोठ्या धरणांविरोधातल्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याला नावही मणिबेलीचंच.

विस्थापिताचं नुकसान ताळेबंदाबाहेर ठेवणं ही माझ्या मते सरळ हिशेबातली चूक आहे. तुम्ही प्रकल्प अहवाल लिहीत असाल, तर र. पं. कंगले यांनी संपादित केलेल्या ‘अर्थशास्त्रा’तला हा अध्याय आधी वाचाच.