मिठाच्या खड्यात रेणू नसतो

भाईंदरच्या किंवा ठाणे खाडीकाठच्या मिठागरात पिकणारा मिठाचा खडा म्हणजे सोडिअम क्लोराइड या आयनिक संयुगाचा स्फटिक. सोडिअम आणि क्लोरीन जोडीने एकत्र येऊन मिठाचा रेणू होतो आणि अशा रेणूंचा खडा बनतो, ही समजूत चुकीची आहे. सोडिअमचा अणू एक इलेक्ट्रॉन गमावतो, क्लोरीनचा अणू तो घेतो आणि तयार झालेले धन व ऋण आयन एकमेकांना सर्व दिशांनी ओढतात. खड्यात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती 6 क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती 6 सोडिअम आयन असतात. कोणता कोणाच्या जोडीचा, हे सांगताच येत नाही. सूत्रातून कळते ते फक्त 1:1 हे प्रमाण. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी 1913 मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली. ती पचनी पडणे इतके जड गेले, की हेन्री आर्मस्ट्राँग यांच्यासारखे नामवंत रसायनशास्त्रज्ञ 1927 मध्येही तिच्याविरुद्ध लिहीत होते. तेव्हा शाळकरी मुलांचा इथे गोंधळ होतो, यात नवल नाही.

आयन असले की वीज वाहणारच, हेही खरे नाही. घन मिठात आयन जागच्या जागी जखडलेले असतात. मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळले किंवा पाण्यात विरघळले, की ते मोकळे होतात आणि वीज वाहते. बंध बळकट म्हणून खडा चिवट असेल असे वाटते, पण घाव बसताच थर सरकतो, समान प्रभाराचे आयन समोरासमोर येऊन एकमेकांना दूर लोटतात आणि खडा सपाट फुटतो.

सगळी आयनिक संयुगे पाण्यात सहज विरघळतात, हा समज मिठागरातच खोटा ठरतो. भरतीचे पाणी कप्प्याकप्प्यांतून फिरवत उन्हात आटवले जाते. आधी कॅल्शिअम कार्बोनेट, मग जिप्सम तळाला बसते, दोन्ही आयनिकच. पाणी मूळच्या सुमारे एक दशांश उरल्यावर मीठ धरू लागते. मॅग्नेशिअमचे क्षार मात्र त्यानंतरही पाण्यातच राहतात. म्हणून ते कडू पाणी वेळीच काढून टाकावे लागते, नाहीतर मीठही कडवट होते.

कल्याण-डोंबिवलीच्या घरांत पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, त्याचे खापर एकट्या सोडिअम क्लोराइडवर फुटते. शुद्ध सोडिअम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेल्यावरच पाणी ओढू लागते. कडू पाण्यातून मिठात राहिलेल्या मॅग्नेशिअम क्लोराइडला सुमारे 33 टक्के पुरतात. म्हणूनच जाडे मीठ पाऊस नसतानाही ओलसर लागते, आणि ऐन पावसाळ्यात शुद्ध मिठालाही पाणी सुटते.