मोडीच्या लोखंडाचे उद्यान

लोखंड मोडीत गेले म्हणजे त्याचे नाव जाते. शिवणयंत्राचे चाक असो, नांगराचा फाळ असो, की गिरणीतील एखादा दातेरी गोल असो, भंगारवाल्याच्या तागडीत पडले की त्यांची ओळख एकच उरते, ती वजनाची. ह्या हिशेबात ज्याची अर्धी हयात गेली, असा मनुष्य पंचेचाळिशीच्या सुमारास तागडी बाजूला सारतो व त्याच लोखंडाकडे केवळ आकार म्हणून पाहू लागतो, ही गोष्ट विरळा होय. अमेरिकेतील टॉम एव्हरी ह्यांच्या आयुष्यात ती घडली.

एव्हरी ह्यांचा जन्म १९३८ सालचा, विस्कॉन्सिन संस्थानातला. धंदा मोडतोडीचा. जुने कारखाने व इमारती पाडावयाच्या, त्यांतील यंत्रे सोडवून काढावयाची आणि माल विकावयाचा. ह्या धंद्यात जे भाग भट्टीत घालणे जिवावर येई, ते त्यांनी वर्षानुवर्षे राखून ठेविले. मागल्या पिढ्यांतील कारागिरांनी जीव ओतून घडविलेली ती यंत्रे एका दिवसात ओतीव गोळा व्हावीत, हे त्यांच्या मनाला पटेना. अखेर १९८३ साली बॅराबू गावाच्या दक्षिणेस, सैन्याच्या दारूगोळ्याच्या एका कारखान्यासमोर, त्यांनी ह्या संग्रहाची उभारणी सुरू केली. पाडणारा हात बांधू लागला तो असा.

त्यातून जे उभे राहिले त्याचे नाव ‘फॉरेव्हरट्रॉन’. उंची सुमारे ५० फूट, रुंदी सुमारे १२० फूट आणि वजन सुमारे ३०० टन. त्यात एडिसनच्या काळचे, १८८० नंतरच्या दशकातले दोन विद्युतजनक आहेत. १९२० च्या सुमाराच्या वीजघरांतील उच्च दाबाची उपकरणे आहेत. अपोलो चांद्रमोहिमांच्या वेळची निर्जंतुकीकरणाची कोठीही आहे. ह्या साऱ्याला एव्हरी ह्यांनी एक कथाही जोडून दिली. डॉक्टर एव्हरमोर नावाचा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक कल्पित संशोधक तांब्याच्या अंड्यातील काचेच्या गोळ्यात बसून विजेच्या झोताबरोबर स्वर्गाकडे झेपावणार आहे, अशी ती कथा. राणीने हा सोहळा पाहावा म्हणून शेजारी एक मंडप उभारला आहे, आणि ज्यांचा विश्वास बसणार नाही त्यांच्यासाठी एक भली मोठी दुर्बीण! संशयी माणसाची इतकी अगत्याने सोय क्वचितच कोणी केली असेल.

आता असा प्रश्न उद्भवतो की, जन्मभर मोडतोड केलेल्या माणसाला हे साधले कसे? उत्तर असे की, मोडण्याची विद्या हीच त्याची शिदोरी होती. अवजड यंत्र कोठे पेलले आहे, कोणता बोल्ट आधी सोडला असता कोणता भाग खाली येईल, दोर कोठे बांधला म्हणजे ओझे कलणार नाही, हे ज्याला कळते त्यालाच ते ओझे पुन्हा वर चढविता येते. कलाशाळेत मातीचा घाट शिकविता येतो; अनेक टनांचा तोल मात्र अनुभवानेच कळतो.

धातूंचे स्वभावही त्याच धंद्यात कळतात. पोलाद कापताना प्रथम असिटिलीन वायूच्या ज्योतीने ते सुमारे ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात आणि मग त्यावर शुद्ध प्राणवायूचा झोत सोडतात. तेव्हा लोखंड नुसते वितळत नाही, ते अक्षरशः जळते, आणि जळून झालेली राख द्रवरूपाने वाहून जाते. बिडाच्या बाबतीत हा उपाय चालत नाही. बीड आधी वितळते आणि राख मागे राहते, त्यामुळे कापाची कड वेडीवाकडी होते. ते जोडावयाचे म्हटले तरी पंचाईतच. थंड होताना सांध्याजवळ तडा जातो. म्हणून जुन्या यंत्रांचे बिडाचे भाग बोल्टांनी आवळून बसविणे शहाणपणाचे. एव्हरी ह्यांनी तर पुष्कळसे भाग मूळ रूपातच वापरले. चाक चाकच राहिले. बदलले ते त्याचे शेजारी.

हे वाचून कोणास घराच्या अंगणात असा उद्योग आरंभावासा वाटल्यास दोन धोके ध्यानात ठेवावेत. तेलाचे बंद पिंप ज्योतीने कापू नये. आतील वाफेचा स्फोट होऊन माणसे दगावतात. तसेच जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापविल्यास जो पांढरा धूर निघतो, तो श्वासावाटे आत गेल्याने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. गंजाचे भय त्या मानाने कमी. पावसाचे पाणी साचेल अशा प्रत्येक खोबणीस खाली भोक पाडावे, म्हणजे मूर्ती बरीच वर्षे टिकते.

राहिला पोटाचा प्रश्न. मध्यम वयात धंदा सोडणाऱ्याच्या घरी तो आधी विचारला जातो, आणि तो गैर नाही. एव्हरी ह्यांनी लहान मूर्ती विकल्या, त्या विक्रीचे काम त्यांच्या पत्नीने सांभाळले, आणि मोठी रचना मात्र विक्रीस काढली नाही. आपल्या देशात चंडीगढ येथील नेकचंद ह्यांनी निराळी वाट धरली. ते रस्त्यांचे निरीक्षक होते. १९५७ च्या सुमारास त्यांनी, नोकरी न सोडता, फुटकी चिनी भांडी, बांगड्यांचे तुकडे व पाडलेल्या घरांचा राडारोडा जमवून रानात गुपचूप मूर्ती मांडण्यास प्रारंभ केला. १९७६ साली ते उद्यान लोकांस खुले झाले, आणि सरकारने त्यांस त्याच कामावर पगारी नेमून हाताखाली मजूर दिले. अर्थात् असे सरकार प्रत्येकाच्या वाट्यास येईलच, असे नाही.

फॉरेव्हरट्रॉनच्या आसपास एव्हरी ह्यांनी सुमारे सत्तर पक्ष्यांचा एक वाद्यवृंद मांडला. सुऱ्या, स्प्रिंगा, ध्वनिवर्धकाचे कर्णे आणि मोडकी वाद्ये जोडून ते पक्षी घडविलेले आहेत. लहान मुले यंत्राच्या कथेपेक्षा ह्या पक्ष्यांपाशीच अधिक रेंगाळली तर नवल नाही. तांब्याच्या अंड्यातील बैठक मात्र रिकामीच राहिली. एव्हरी २०२० साली, वयाच्या ८१ व्या वर्षी वारले.