लग्नाच्या निगेटिव्हला लागलेलं विरजण

मुंबईच्या वडाळ्यातल्या कितीतरी घरांत, कपाटाच्या वरच्या खणात, साडीच्या जुन्या खोक्यात लग्नाच्या अल्बमखाली एक पाकीट दडपलेलं असतं. आत बटरपेपरात सरकवलेल्या फिल्मच्या पट्ट्या. त्यातली एक काढा, फक्त कडांना धरा, ट्यूबलाइटसमोर न्या आणि नवरी शोधा. रंगीत रोल असेल तर नारिंगी झाकेतून जरा निरखून पाहावं लागेल. हळदीने माखलेली पिवळी अष्टपुत्री निळीकडे झुकलेली दिसेल, हिरवा चुडा किरमिजीकडे. केस पांढरेफटक. मुंडावळ्यांचे मोती मात्र काळे कुळकुळीत!

अल्बममधले फोटो नंतर, स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत किंवा लॅबच्या यंत्रात तयार झाले. अंतरपाट दूर झाला त्या क्षणी मंडपात हजर होती ती ही पट्टी. नवरीच्या चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश हिच्यावर पडला आणि हिने तो धरून ठेवला.

कसा धरला? फिल्मवर जिलेटिनचा एक पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की एखाद्या स्फटिकात चांदीचे तीन-चार अणू एका जागी जमतात. तीन-चार, बस्स! डोळ्याला काहीच दिसत नाही. पण रोल धुवायला टाकला की डेव्हलपर नेमका तेवढा स्फटिक ओळखतो आणि त्यातले अब्जभर अणू चांदीत बदलून टाकतो. ही चांदी केसांसारख्या तंतूंच्या गुंत्यात तयार होते. प्रकाश त्या गुंत्यात हरवतो, म्हणून ती काळी दिसते. मंडपात जिथे उजेड, तिथे फिल्मवर काळोख.

आणि जिलेटिन? ते गुराढोरांच्या हाडाकातड्यापासून बनतं. शंभर वर्षांपूर्वी फिल्म बनवणाऱ्यांना एक कोडं पडलं होतं: जिलेटिनच्या एका खेपेची फिल्म तल्लख निघते, दुसऱ्या खेपेची मंद. असं का? 1925 मध्ये कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी उत्तर शोधलं. तल्लख जिलेटिनमध्ये गंधकाच्या संयुगांचा अगदी किंचित अंश होता आणि तो आला होता गुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय झाडापाल्यातून. आपल्या फोडणीतली मोहरी फोटोच्या मुळाशी निघाली.

कृष्णधवल निगेटिव्हमध्ये ती चांदी अजून आहे. रंगीत निगेटिव्हमध्ये नाही. रंगीत रोल धुताना चांदी शेवटी काढून टाकतात, मागे उरतात पिवळ्या, किरमिजी आणि निळसर रंगद्रव्यांचे तीन थर. ही रंगद्रव्यं अंधारातसुद्धा हळूहळू फिकट होतात, तीही प्रत्येक आपापल्या वेगाने. चांदी, चित्र पक्कं करणारं हायपो हे रसायन नीट धुऊन काढलं असेल तर, मुकाट टिकते. म्हणजे आजीच्या लग्नातलं चित्र आईच्या लग्नातल्या चित्रापेक्षा जास्त जगण्याची शक्यता!

अर्थात दोन्ही चित्रं ज्या पारदर्शक पट्टीवर बसली आहेत, तिने दगा दिला नाही तर. खरी गंमत या पट्टीतच आहे.

पूर्वीच्या सिनेमाची फिल्म नायट्रेटची असे. ती इतकी ज्वालाग्राही, की जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवते आणि पाण्याखालीही विझत नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात अशाच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या सिनेमांचा मोठा ठेवा गेला. नायट्रेटच्या या धोक्यावर उपाय म्हणून 1948 मध्येच ट्रायॲसिटेटची ‘सेफ्टी फिल्म’ बाजारात आली. भडकत नाही, लवचीक. लग्नाचे बहुतेक रोल याच जातीचे.

पुढची दहा वर्षंही उलटली नव्हती तोच कोडॅककडे पहिली तक्रार आली. कुठून? भारत सरकारकडून! उष्ण, दमट हवेत ठेवलेली ही सुरक्षित फिल्म आपणहून कुजत होती. ज्या विकाराने आज जगभरच्या फिल्म संग्रहालयांची झोप उडवली आहे, त्याची पहिली खबर आपल्या हवेने दिली.

हा विकार म्हणजे निगेटिव्हला विरजण लागणं. ट्रायॲसिटेट बनतं कापूस किंवा लाकडाच्या सेल्युलोजला ॲसिटिल गट जोडून. ऊब आणि ओल मिळाली की हे गट सुटू लागतात आणि त्यांचं ॲसिटिक ॲसिड होतं, म्हणजेच व्हिनेगरमधलं आम्ल. हे आम्ल उरलेले गट आणखी वेगाने सोडवतं, त्यातून आणखी आम्ल. चमचाभर विरजणाने पातेलं लागावं तसं. उन्हाळ्यात भराभर, फ्रीजमध्ये अगदी सावकाश. या आम्लाची वाफ शेजारच्या धडधाकट पट्ट्यांनाही लागते. शेवटी पट्टी आक्रसते, जिलेटिन आक्रसत नाही, आणि चित्रावर सुरकुत्यांचं जाळं उभं राहतं.

किती वेळ लागतो? अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटने हिशेब मांडला आहे: 21 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रतेत ताज्या फिल्मला आम्लाचा आंबूस वास सुटायला साधारण 40 वर्षं. आता वडाळ्याकडे पाहा. एका अंगाला शिवडीची खाडी आणि तिचा चिखल, दुसरीकडे मिठागरं, जुलैत ऐंशी टक्क्यांच्या वर जाणारी आर्द्रता. 21 अंश तर आपल्याकडे थंडीतल्या पहाटेलाच! आपल्या कपाटातलं घड्याळ रॉचेस्टरच्या कितीतरी पुढे पळतंय.

याच वडाळ्यात भक्ती पार्कजवळ 2001 मध्ये ॲडलॅब्जचा आयमॅक्स घुमट उघडला. ज्या 70 मिलिमीटर फिल्मसाठी तो बांधला, तिची एक चौकट तुमच्या 35 मिलिमीटरच्या लग्नाच्या चौकटीच्या जवळपास चौपट. ती पडद्यासाठीची फिल्म पॉलिस्टरची, तिला हे विरजण लागतच नाही. मग सगळीकडे तीच का नाही? पॉलिस्टर इतकं चिवट, की सिनेमाच्या कॅमेऱ्यात अडकलं तर फिल्म फाटण्याऐवजी कॅमेराच मोडतो.

आता आपल्या सवयी तपासा. जपायची वस्तू आपण घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कोंबतो आणि डबा माळ्यावर ढकलतो. वर तापलेला स्लॅब, आत कोंडलेली आम्लाची वाफ. विरजणाला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही! त्यापेक्षा कपाटाचा मधला कप्पा, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून दूर. साधी कागदी पाकिटं किंवा पॉलिप्रॉपिलीनचे पाऊच. पीव्हीसीची वास मारणारी चकचकीत कव्हरं नकोत. आंबूस वास येणाऱ्या पट्ट्या आजच वेगळ्या काढा. नाकावर भरवसा नसेल तर त्याच रॉचेस्टरच्या संस्थेने काढलेल्या कागदी पट्ट्या आहेत: फिल्मसोबत ठेवल्या की आम्लाच्या प्रमाणानुसार निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात.

फ्रीज चालेल? उत्तम चालेल, वर्षांचा हिशेब थेट शतकांत जातो. मात्र कोरड्या दिवशी, हवाबंद पिशवीत, दुहेरी गुंडाळून. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीइतकी कोमट होईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर मुंबईची हवा गार फिल्मवर लगेच दव धरते.

बुरशीचं प्रकरण आणखी चमत्कारिक. जिलेटिन हे तिचं आणि कसरीचं आवडतं खाणं. बुरशीने चाखलेलं जिलेटिन पाण्यात विरघळू लागतं, म्हणून डाग दिसताच नळाखाली धरलेली नवरी मोरीतून वाहून जाऊ शकते. पुरात भिजलेल्या पट्ट्यांचं मात्र उलट. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तशा पाण्यात सापडलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटून वाळल्या की सुटत नाहीत. त्या स्वच्छ गार पाण्यातच ठेवून लवकरात लवकर जाणकाराकडे न्याव्या लागतात.

आणि स्कॅन? जरूर करा, पण पट्टी फेकू नका. चांगले स्कॅनर धूळ-ओरखडे पुसायला एक भन्नाट युक्ती वापरतात. ते फिल्ममधून अवरक्त किरण सोडतात. रंगद्रव्यं त्या किरणांना काचेसारखी पारदर्शक, धूळ मात्र अडवते. नुसत्या धुळीचा नकाशा हाती येतो आणि संगणक तेवढीच वजा करतो. आजीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर ही युक्ती फसते. तिथली चांदी अवरक्त किरणही अडवते आणि यंत्र आजीलाच धूळ समजतं. तेव्हा स्कॅन करणाऱ्याला आधीच बजावा: कृष्णधवल रोलसाठी ती सोय बंद ठेव, धूळ ब्लोअरने उडव.