सेवाज्येष्ठ शिक्षकाला डावलले जाते तेव्हा

बीड जिल्ह्यात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी अनुदानित शाळा वाहतात. अशा शाळेत मुख्याध्यापकपद रिक्त झाले की कधी कधी एक कटू प्रसंग घडतो. वीस-पंचवीस वर्षे निष्ठेने शिकविणारा, दहावीचा निकाल उंचावणारा शिक्षक बाजूला राहतो आणि त्याच्यानंतर आलेला सहकारी त्या खुर्चीवर बसतो. घरात, नातलगांत मान खाली घालावी लागते. आपले काय चुकले, हा प्रश्न मनातून जात नाही.

अशा वेळी शिक्षक आपल्या तक्रारीत निकालाची टक्केवारी आणि मिळालेले पुरस्कार मांडतो. ते स्वाभाविक आहे. परंतु कायदा निराळेच विचारतो, हे आम्ही प्रथम स्पष्ट करू इच्छितो. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ चा आहे व त्याखालील नियमावली १९८१ मध्ये आली. तिच्या तिसऱ्या नियमानुसार मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठ, पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकास द्यावयाचे असते. ‘उत्कृष्ट’ नव्हे, ‘समाधानकारक’. म्हणजे अत्यंत गुणी पण कनिष्ठ शिक्षकास त्या पदावर हक्क सांगता येत नाही, आणि ज्येष्ठाला डावलायचे तर व्यवस्थापनाला सबळ कारण दाखवावे लागते.

ज्येष्ठतेविषयी मात्र मोठा गैरसमज आढळतो. ती केवळ रुजू झालेल्या तारखेवर ठरत नाही. अनुसूची ‘फ’ प्रमाणे प्रशिक्षणाची पात्रता केव्हा मिळविली, हेही पाहिले जाते. आधी रुजू होऊन बी.एड. उशिरा केलेला शिक्षक कनिष्ठ ठरू शकतो. सेवाज्येष्ठता यादी शिक्षकांमध्ये फिरवून त्यांच्या सह्या घेण्याची तरतूद आहे. सही करताना यादी वाचावी, आक्षेप तेव्हाच लेखी नोंदवावा. अनेकजण संकोचाने तसे करीत नाहीत व पुढे पस्तावतात.

पदोन्नतीत डावलल्या गेलेल्या शिक्षकास कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते. मुदत अवघी तीस दिवसांची आहे. विलंबास पुरेसे कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. पण संस्थाचालकांच्या तोंडी आश्वासनावर महिने घालविणे धोक्याचे.

आता एक अवघड गोष्ट, जी आपल्याच घरची आहे. अल्पसंख्याक शाळांच्या मुख्याध्यापकाच्या नेमणुकीस, तसेच व्यवस्थापनाने नावे कळविलेल्या आणखी तीन जणांपर्यंतच्या नेमणुकीस, हा कायदा लागू होत नाही. ख्रिस्ती संस्थांच्या अल्पसंख्याक शाळांना ही मोकळीक आहे. त्यामुळे तेथे ज्येष्ठ शिक्षकास केवळ ज्येष्ठतेच्या बळावर पद मागता येत नाही. तरीही ही मोकळीक म्हणजे मनमानी नव्हे. गोव्यातील अल्पसंख्याक शाळेच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्पष्ट केले, की निवड न्याय्य व पारदर्शक असली पाहिजे आणि ती तशी होती की नाही, हे उच्च न्यायालय तपासू शकते. आपल्या व्यवस्थापनांनी निवडीची कारणे लिहून ठेवावीत, असे आम्हांस वाटते. डावललेल्या शिक्षकाला ती सांगण्यात कमीपणा कसला?

सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांसाठी आणखी एक निकाल महत्त्वाचा आहे. सीमा रस्ते सेवेतील कार्यकारी अभियंता देव दत्त यांना बढतीसाठी पाच वर्षांचा ‘अतिशय चांगला’ शेरा हवा होता. १९९३-९४ या एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा पडला. तो त्यांना कळविलाच गेला नाही, आणि बढती हुकली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे असा निर्णय दिला. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायम केला. देव दत्त तोवर निवृत्त झाले होते. शेरा सुधारला जाऊन बढती मान्य झाल्यास त्यांना वाढीव निवृत्तिवेतन थकबाकीसह, आठ टक्के व्याजाने द्यावे, असा आदेश न्यायालयाने दिला.